पाण्याच्या दिवशी वर्ग सात वाजता

आमच्या संगीतवर्गाचे वेळापत्रक देवळाच्या खांबावर खडूने लिहिलेले असते. ‘वर्ग सायंकाळी सहा ते साडेसात. पाण्याच्या दिवशी सात ते साडेआठ.’ नवा माणूस ही दुसरी ओळ वाचून हसतो. रागांच्या वेळा प्रहरांवरून ठरतात हे त्याला माहीत असते. गाण्याची वेळ नळावरून ठरलेली त्याने पाहिलेली नसते. मला मात्र त्या ओळीचे हसू येत नाही. ती लिहिण्याचे शहाणपण येईपर्यंत वर्गाची अडीच वर्षे उलटून गेली होती आणि एका मुलीचे नाव मी पटावरून कमी केले होते.

भोसरी औद्योगिक क्षेत्राच्या कडेला आमची वस्ती आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाडा, खानदेश, नगर, सातारा अशा सगळ्या दिशांनी माणसे येथे कामाला आली. आता कारखान्यांची रांग थेट चाकणपर्यंत पोहोचली आहे, आणि माणसे बिहार-उत्तर प्रदेशातूनही येतात. माझे यजमान १९८४ साली येथील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागले. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. ते २०१५ मध्ये निवृत्त झाले, मी २०१६ मध्ये. जून २०१७ मध्ये आम्ही विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात मुलांसाठी विनामूल्य संगीतवर्ग सुरू केला. मी पेटी आणि गायन शिकवते. ते पखवाज शिकवतात. त्यांना नीट ऐकू येत नाही.

हे वाक्य असे सहज लिहिता येते; परंतु आमच्या घरात ते उच्चारायला फार वर्षे लागली.

साडेपाच ते नऊ

निवृत्तीनंतर संगीतवर्गच का, असे पुष्कळांनी विचारले. शाळेत तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली होती. आमच्या मुलांचे खरे अवघड तास शाळेच्या आत नव्हते. शाळा साडेपाचला सुटते. आई दुसऱ्या पाळीला असेल तर ती रात्री अकरापर्यंत परतत नाही. वडील पहिल्या पाळीवरून येऊन झोपलेले असतात, किंवा जादा कामासाठी थांबलेले असतात. दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, म्हणून मूल बाहेर असते. साडेपाच ते नऊ या वेळात त्याला कोणी हाक मारत नाही. मारते ती गल्लीच्या तोंडावर उभी असलेली मोठी मुले मारतात. त्यांच्याकडे मोबाइल असतो, तंबाखूची पुडी असते, आणि मुख्य म्हणजे लहान मुलाला ‘ये, बस’ म्हणायला वेळ असतो.

आम्हाला इतकेच करायचे होते की त्या वेळात त्यांना आणखी एका जागेतून हाक यावी.

पहिल्या दिवशी चौतीस मुले आली. एक पेटी, एक पखवाज, देवळातले आठ टाळांचे जोड. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकोणीस उरली. पुढच्या जूनमध्ये अकरा. मी शिक्षिका होते, गळतीचे तक्ते भरण्यात आयुष्य गेले होते. त्यामुळे शाळेत जे करत आले तेच येथेही केले. हजेरीपट आणला. महिन्यात पाच दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी करण्याचा नियम केला. त्याशिवाय परीक्षांचे आमिष दाखवले. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हे पालकांना समजावून सांगितले. त्यावर काही पालकांचे डोळे चमकले. काहींनी मान खाली घातली, कारण परीक्षेला शुल्क असते, केंद्र दूर असते, आणि त्या दिवशी मुलाबरोबर जायला एका पालकाचा दिवस मोडावा लागतो. ‘मोफत’ म्हणवणाऱ्या वर्गाने अशी नकळत किंमत लावली. ती ज्यांना परवडली नाही ती मुले काही न बोलता यायची थांबली.

मग २०१९ चा नोव्हेंबर आला आणि शहराला एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. आमच्या वर्गात तेव्हा एक अकरा वर्षांची मुलगी होती. आवाज बारीक, पण सुराला पक्का. डिसेंबरपासून तिची गैरहजेरी वाढली. जानेवारीच्या अखेरीस मी नियमाप्रमाणे तिचे नाव कमी केले. ती आठवडाभराने आली तेव्हा मी तिला सर्वांसमोर सांगितले, ‘गाणं हवं असेल तर शिस्त हवी.’ ती काही बोलली नाही. खाली बघत परत गेली.

त्या रात्री यजमान हजेरीपट चाळत बसले होते. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि तिच्या नावासमोर बोट ठेवले. हजर, गैरहजर, हजर, गैरहजर, हजर, गैरहजर. दोन महिने एकही मात्रा चुकलेली नव्हती. ‘एवढं सरळ आवर्तन आहे,’ ते म्हणाले, ‘आणि तुला दिसलं नाही?’

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई एका पॅकिंगच्या कामावर दुसऱ्या पाळीला होती. पाणी सहाच्या सुमारास येई आणि सातच्या आत जाई. दोन पिंप, चार कळश्या, आणि पाठीमागे दोन वर्षांचा भाऊ. मुलीने मला पाणी दिले. तिने भरलेले. मी तिची क्षमा मागितली. शिक्षकी सवयीला ते जड गेले, हे लिहायला हवे. त्यानंतर मी हजेरीपट बंद केला, आणि खांबावरची दुसरी ओळ लिहिली. ती भावाला कडेवर घेऊन पुन्हा यायला लागली. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सगळेच बंद पडले. ती पहिली ओळ आणि दुसरी ओळ दीड वर्ष खांबावर तशीच होती. वर्ग पुन्हा भरला तेव्हा ती सर्वांत आधी आली.

फुकटाची जुनी परंपरा

गरीब मुलांना संगीत शिकवणे ही कल्पना कोणी परदेशातून आणावी अशी नाही. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाले. पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर चालणारी ती संस्था होती, आणि तेथे राहणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांकडून फी न घेता त्यांना शिक्षक म्हणून तयार केले जाई. आमच्यापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर, आळंदीत, जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले माधुकरी मागून तेथे कीर्तन आणि पखवाज शिकली. माझ्या यजमानांना पखवाज शिकवणारे बुवा त्याच परंपरेतले. त्यांनी शिकवण्याचा एक पैसा घेतला नाही. एकच अट घातली होती : ‘जे घेतलंस ते कुणाला तरी दे.’

आजच्या काळातही अशी माणसे आहेत. इंग्लंडमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले, व्हायोलिन वाजवणारे डॉ. लुई डायस गोव्यात परतले आणि २००९ मध्ये त्यांनी वंचित मुलांना पाश्चात्त्य अभिजात संगीत विनामूल्य शिकवणारी ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था सुरू केली. त्यांना प्रेरणा मिळाली ती व्हेनेझुएलाच्या तरुण वाद्यवृंदाकडून. त्या देशात होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली मूठभर मुलांना घेऊन सुरू केलेली चळवळ पुढे लाखो मुलांपर्यंत पोहोचली. लॉस एंजलिसमध्ये २००१ साली ‘हार्मनी प्रोजेक्ट’ सुरू करणाऱ्या मार्गारेट मार्टिन यांची डॉक्टरेट सार्वजनिक आरोग्यशास्त्रातली आहे. एक डॉक्टर, एक आरोग्यशास्त्रज्ञ. मुलांच्या आरोग्याचा विचार करता करता ही माणसे वाद्यांपर्यंत आली, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

संगीताने काय होते, काय होत नाही

पालक मला विचारतात, ‘बाई, गाणं शिकल्यावर गणित सुधारतं ना?’ मी पूर्वी ‘हो’ म्हणत असे. आता म्हणत नाही.

१९९३ साली एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोत्सार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांची एक विशिष्ट चाचणी थोडी बरी सोडवली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावरून ‘संगीत ऐकवा, मूल हुशार करा’ असा बाजार उभा राहिला. २०२० मध्ये संशोधकांनी मुलांच्या संगीतशिक्षणावरचे चौपन्न अभ्यास, म्हणजे जवळजवळ सात हजार मुले, एकत्र तपासले. अभ्यास जितका काटेकोर, तितका बुद्धी आणि शालेय गुणांवरचा परिणाम नाहीसा होत गेलेला दिसला.

मग हाती काय उरते? दोन गोष्टी मला विश्वासार्ह वाटतात. हार्मनी प्रोजेक्टमधील सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नीना क्राऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ब’ आणि ‘ग’ यांसारखे जवळचे उच्चार मेंदू किती स्पष्टपणे वेगळे करतो, हे त्यांनी मोजले. एक वर्ष शिकलेल्या मुलांत काहीही फरक दिसला नाही. दोन वर्षे शिकलेल्यांत दिसला. दुसरा अभ्यास व्हेनेझुएलातला, २०१७ सालचा, २,९१४ मुलांचा. त्यात मुलांचा स्वतःवरील ताबा काहीसा वाढलेला आणि वर्तनाच्या तक्रारी कमी झालेल्या आढळल्या. हिंसा पाहिलेल्या मुलग्यांत हा फायदा अधिक होता. तपासलेल्या इतर बहुतेक बाबतींत मात्र फारसा फरक नव्हता.

पहिला अभ्यास वाचून मी माझी पहिली दोन वर्षे आठवली. पहिल्या वर्षी गेलेली ती तेवीस मुले. फळ येण्याआधीच झाड उपटावे तसा माझा नियम होता. संगीतवर्गाचे यश कोण किती चांगले गातो यावर मोजण्यापेक्षा, कोण किती काळ टिकतो आणि न टिकणाऱ्याला काय अडले, यावर मोजायला हवे, हे मला तेव्हा कळले.

शाई बसली आहे

आता यजमानांविषयी.

१९९८ च्या सुमारास ते म्हणू लागले की पखवाज पूर्वीसारखा बोलत नाही. डाव्या तोंडाला कणीक लावली की घुमारा ठीक येई, पण उजव्या तोंडाच्या चाटेचा टणत्कार मंद वाटे. ‘शाई बसली आहे,’ असे त्यांचे निदान होते. आळंदीला जाऊन त्यांनी पुडी बदलून आणली. वर्षाने पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा कारागीर म्हणाला, ‘माऊली, पुडीला काही झालेलं नाही.’ ते त्याच्यावर रागावून परत आले.

त्याच काळात घरात भांडणे वाढली. दूरदर्शनचा आवाज मोठा. मी ‘सात’ म्हटले की ते ‘हात’ ऐकत. स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर येत नसे. मी मुलांना सांगत असे, ‘तुमच्या बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं.’ घरात आलेल्या पाहुण्यांसमोर मी हा विनोद आठ वर्षे केला. भजनात ते मागे बसू लागले, तेव्हा मला वाटले त्यांना आता रस उरला नाही.

२००६ मध्ये नातवाईकांच्या आग्रहाने कान तपासले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या स्वरांकडची रेषा बरी होती, आणि चार हजार हर्ट्झपाशी ती विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. ‘प्रेस शॉप?’ त्यांनी विचारले. आलेख पाहून माणसाचे खाते सांगता येते, हे मला त्या दिवशी कळले.

आतल्या कानातील शंखाकृती नळीत सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि रोज थकल्या की मरतात. मेलेली रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. हानी सुरू होते ती तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची धार या वरच्या पट्ट्यांत असते आणि चाटेची झणझणही. म्हणून असा माणूस ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ म्हणतो, आणि घरचे त्याला विसरभोळा किंवा तिरसट ठरवतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. ९४ डेसिबलला तो एक तासावर येतो, १०० डेसिबलला पंधरा मिनिटांवर. प्रेस शॉपमध्ये ९५-१०० डेसिबल हे नवल नव्हे. आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या सूचनीय आजारांच्या यादीत होते. यजमानांच्या खात्यात कानात घालायला कापूस मिळत असे. कापसाने या आवाजाला जवळजवळ काहीच अडत नाही.

तपासणीहून परतताना ते बसमध्ये एकच वाक्य बोलले : ‘म्हणजे पुडी ठीक होती.’

वर्ग सुरू करायचे ठरले तेव्हा पखवाज शिकवायला ते तयार नव्हते. ‘जे मला ऐकू येत नाही ते मी शिकवू कसं?’ मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. ते मुलाच्या शेजारी बसतात आणि तळहात पखवाजाच्या खोडावर ठेवतात. घुमारा हाताला कळतो. चाटेचा स्वच्छ बोल पडला की नाही, हे मुलाच्या बोटांकडे पाहून कळते. श्रवणयंत्र ते वापरतात, पण वादनाच्या वेळी काढून ठेवतात. लहान मुलांना हे जादूसारखे वाटते. ‘काकांना हाताने ऐकू येतं,’ ती एकमेकांना सांगतात.

त्यांच्या पहिल्या तुकडीतला एक मुलगा फार तयार झाला. अकराव्या वर्षी आला होता, गल्लीच्या तोंडावरच्या मुलांत बसणारा. सात वर्षे टिकला. भजनी ठेका त्याच्या हातात असा बसला की आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली तेव्हा दिंडीतल्या जाणत्यांनी त्याला जवळ बोलावून वाजवायला लावले. मी त्याच्याविषयी मोठी स्वप्ने पाहिली. २०२४ मध्ये आयटीआय पूर्ण होताच तो चाकणकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. पाळ्या फिरत्या, जाऊन-येऊन बारा तास. वर्ग सुटला. मी हळहळत राहिले. यजमान एकदा वैतागून म्हणाले, ‘अगं, आपण त्याला कलावंत करायला घेतलं होतं का? त्याच्या घरात त्याचा पगार येतोय.’ ते खरे होते, तरी मला सात वर्षे वाया गेल्यासारखी वाटत होती.

तीन-चार महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी तो आला. देवळाचा पखवाज मांडीवर घेतला, थोडे वाजवले, थांबला, पुन्हा वाजवले. कान खाली नेला. मग म्हणाला, ‘काका, शाई बसलीय का हिची? चाट बोलत नाही.’

यजमानांनी त्याच्या ओठांकडे पाहिले. मला वाटले त्यांना समजले नाही, म्हणून मी मोठ्याने सांगायला पुढे झाले. त्यांनी हाताने मला थांबवले. त्यांना नीट समजले होते. सव्वीस वर्षांपूर्वी ते वाक्य त्यांचे होते.

त्यांनी त्याला विचारले, काम कोणत्या खात्यात? रात्री कानात शिटी वाजते का? पाळीवरून आल्यावर दडे बसल्यासारखे वाटते का? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी बरे वाटते का? तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेला. मग यजमानांनी कपाटातून आपला २००६ चा आलेख आणला आणि त्याच्यापुढे उलगडला. ‘मी तीनदा पुडी बदलली,’ ते म्हणाले. ‘तू बदलू नकोस.’

आवाजाने येणारा तात्पुरता मंदपणा एक-दोन दिवसांच्या शांततेत भरून येतो. रोजच येत राहिला तर कायमचा होतो. बहुतेकांना तो सुरुवातीला जाणवतही नाही, कारण तुलनेला काही नसते. या मुलाजवळ तुलनेला सात वर्षांची चाट होती. म्हणून त्याला चौथ्याच महिन्यात कळले. यजमानांनाही कळले होते. फक्त त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात त्याने कान तपासून घेतले. सुदैवाने कायमची हानी फारशी नव्हती. त्याच्या पर्यवेक्षकाने मागितल्यावर फोमची बोंडे दिली. ती खात्याच्या कपाटात होतीच, कोणी मागत नव्हते. बोंडे चिमटीत वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोंड आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे, हे त्याने शिकून घेतले. सोबतचे मित्र हसले. आता त्यांतले तिघे वापरतात, असे तो सांगतो.

वाचकांशी दोन शब्द

आपल्या घराजवळ असा विनामूल्य वर्ग असेल तर मुलांना जरूर पाठवा, पण दोन वर्षांच्या तयारीने. पहिल्या वर्षी फळ मागू नका. वर्ग चालवणाऱ्यांनी गैरहजर मुलाच्या घरी एकदा जावे. कारण बहुधा दाराशीच उभे असते. मुलींसाठी परतीच्या वाटेवर सोबत आणि उजेड आहे का, हे आधी पाहावे. परीक्षा ऐच्छिक ठेवावी, आणि शुल्काची सोय होत नसेल तर तिचा उल्लेखही मुलांसमोर करू नये.

मूल ढोल-ताशा पथकात असेल तर त्याचा उत्साह मोडू नका. तेही सामूहिक शिक्षणच आहे. परंतु तेथे आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोंडे, मधूनमधून शांत विश्रांती, आणि सरावानंतर कानात शिटी राहिली तर दोन दिवस सुट्टी, एवढे पाळावे. घरात कोणी प्रेस शॉप, फोर्जिंग किंवा यंत्रमागावर काम करत असेल आणि ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ असे म्हणत असेल, तर त्याच्यावर विनोद करू नका. कान तपासून घ्या. माझी आठ वर्षे मला परत मिळणार नाहीत.

तो मुलगा आता साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येतो आणि लहानांना पखवाज शिकवतो. सुरुवातीला कडेवर येणारा तो भाऊ आता सात वर्षांचा आहे; तो टाळ धरतो आणि जागा चुकली की रडवेला होतो. त्याची बहीण अकरावीत गेली आहे. परवा रूपाचा अभंग सुरू व्हायच्या आधी तिने पेटीवर स्वर दिला, यजमानांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले, आणि त्या मुलाच्या पखवाजावर तळहात टेकला.

बाहेर नळाला पाणी आले होते. सात वाजेपर्यंत आम्ही थांबलो, सगळ्यांची पिंपे भरली, मग वर्ग सुरू झाला.